बिनछपराच्या गाडीला सोन्याचा भाव!

“विलिज जीप, लो बोनेट, फुल रिस्टोर, पेट्रोल इंजिन, कागद क्लिअर. किंमत बैठकीत. फक्त शौकिनांनीच फोन करावा, टाइमपास करणाऱ्यांनी त्रास देऊ नये.”

वाचलंत? शौकिनांनीच म्हणे! बाकीच्यांनी काय नुसतं हळहळायचं? हल्ली जुन्नरच्या चहाच्या टपरीवर सकाळी दुसरा विषयच नाही. कांद्याचा भाव मागे पडला, बिबट्या मागे पडला, सरपंचाची निवडणूक मागे पडली. कुणाच्या तरी मोबाइलवर अशी जाहिरात येते, मग तो मोबाइल बाकावरून बाकावर फिरतो आणि शेवटच्या माणसाने किंमत वाचली की बशीतला चहा सांडतो. तेवढ्या पैशात नवीकोरी थार दारात उभी राहते हो! एसीवाली, काचा वर जाणारी, पावसात आत पाणी न येणारी. आणि हे शहाणे तेवढेच मोजून घेतात काय, तर जिला दार नाही, काच नाही, छप्पर नाही, हीटर नाही, आणि चढावर गिअर बदलताना जी अख्ख्या कुकडनेराला ऐकू जाते, अशी सत्तर-पंचाहत्तर वर्षांची म्हातारी. शिव शिव शिव!

बरं, घेतली तर घेतली. घरात झाकून ठेवा की. पण नाही. जून लागला की ही वरात निघते घाटघरला.

घाटघर म्हणजे आमचं हं, जीवधनच्या पायथ्याचं, नाणेघाटाच्या माथ्यावरचं. अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याकडचं घाटघर वेगळं. कित्येक शौकीन नकाशा बघत तिकडे पोचलेत आणि बायकोची बोलणी खाल्लीत, तो विषय निराळा. तर आमच्या या घाटघरात छपराची किंमत काय असते, हे विचारा तिथल्या माणसाला. मे महिना लागला की शाकारणीची घाई. कौलं उतरवा, फुटकी बाजूला काढा, पुन्हा रचा. पावसाच्या तोंडाची भिंत पेंढ्याने, कारवीने, नाहीतर प्लास्टिकच्या कागदाने झाकून घ्या. सरपण आत ओढा. कोकणातून चढून आलेला ढग पहिल्यांदा कुणाच्या अंगावर येऊन फुटतो, तर याच गावाच्या. आणि नेमका त्याच मुहूर्तावर पुण्या-मुंबईचा गडी येतो, मुद्दाम, हौसेने, छप्पर काढून!

घाटघरच्या चहाच्या टपरीवाल्या आजीने असाच एक भिजलेला शौकीन बघून विचारलं होतं म्हणतात, “आरं पोरा, टप कुठं पडला तुझा? वाटंत सापडंल का बघ जरा.” पोरगा म्हणाला, “आजी, ही अशीच असते, ओपन.” आजीने पदर तोंडाला लावला. “आन पैसं किती घेतलं त्या मेल्यानं?” पोराने आकडा सांगितला नाही. सांगेल कसा? शेजारी बायको बसली होती.

इथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. जिथे हा गडी गाडी लावून फोटो काढतो, त्या नाणेघाटातल्याच गुहेच्या भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळे आकडे चारचौघांत दिसतील असे दगडात कोरून ठेवलेत. तिने काही लपवलं नाही. आणि आमचा शौकीन? “अगं, मित्राचीच होती, जवळजवळ फुकटच दिली,” इतकंच बोलून गिअर टाकतो.

आता या जीपबाईचं कूळ काय ते तरी बघू. कारण कुळाशिवाय चर्चेला चव नाही. ही मूळची अमेरिकन. तिथल्या सैन्याला दुसऱ्या महायुद्धात चिखल, वाळू, डोंगर कशातूनही जाणारी हलकी गाडी हवी होती. विलिज-ओव्हरलँड कंपनीची ‘एमबी’ १९४१मध्ये आली. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं ‘गो डेव्हिल’ इंजिन, ताकद ६० घोड्यांची, लांबी जेमतेम ११ फूट. पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येते. विलिज एकटी पुरी पडेना म्हणून सरकारने फोर्डलाही त्याच नकाशावरून तशीच गाडी बनवायला लावलं. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या काढल्या. आणि फोर्डचा मानी स्वभाव बघा, आपला माल विलिजच्या मालात मिसळून ओळख जाऊ नये म्हणून त्याने बोल्टाच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ कोरला.

त्या ‘एफ’ने आज काय अनर्थ केलाय म्हणून सांगू! गाडी विकायला निघाली की गिऱ्हाईक येतं, चहा घेत नाही, किमतीचं बोलत नाही, थेट मोबाइलची बॅटरी पेटवून गाडीखाली झोपतं. पांढऱ्या शर्टाची पर्वा नाही. ग्रीस नखाने खरवडून एकेक बोल्ट बघतं. शर्यतीचा बैल घेताना आमचे गाडामालक जबडा उघडून दात बघतात ना, अगदी तस्सं. चार बोल्टांवर ‘एफ’ सापडला की खालून आवाज येतो, “ओरिजनल आहे!” आणि वर उभा असलेला मालक लगेच मनातल्या मनात किंमत वाढवतो.

युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी म्हणून तिची नागरी भावंडं निघाली. नाकावरच्या नऊ खाचांच्या सात झाल्या. १९५३मध्ये उंच इंजिन आलं, ते बसवायला बोनेट उंचावलं, ते हाय बोनेट. त्याआधीचं सपाट ते लो बोनेट. हा इंच-इंचाचा फरक तुम्हाला-आम्हाला फारसा जाणवणार नाही, पण त्यावरून शौकिनांमध्ये सख्खे मित्र बोलेनासे झालेत. आपल्याकडे वर्षानुवर्षं हाय बोनेटच जास्त निघाल्या. म्हणून लो बोनेटला भाव. आणि भाव आला की लबाडी आली! काही कारागीर नव्या पत्र्याची लो बोनेट बॉडी ठोकून देतात, वर दोन-चार पोचे मुद्दाम पाडतात आणि “आजोबांची गाडी” म्हणून विकतात. कुणाचे आजोबा, ते विचारायचं नाही.

आता ही हिंदुस्थानात कशी आली, ती कथा तर आणखी खमंग. १९४५मध्ये मुंबईत एक कंपनी निघाली, नाव महिंद्रा अँड मोहम्मद. हो हो, बरोबर वाचलंत. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८मध्ये पाटी बदलून झाली महिंद्रा अँड महिंद्रा. स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावात अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची विलिज जोडायला यांनी सुरुवात केली. म्हणजे ज्या गाडीवर आज नाक्यानाक्यावर देशभक्तीचे झेंडे फडकतात, तिच्या जन्मपत्रिकेत अमेरिका आणि पाकिस्तान दोन्ही! ही गोष्ट टपरीवर मोठ्याने बोलायची नाही, म्हणून इथे लिहिली.

आणि लफडं म्हणाल तर स्वतंत्र भारताचं पहिलं लफडंच मुळी जीपचं. आणि कसल्या जीपचं? रिस्टोर केलेल्या! १९४८मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी जीप हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी ८० लाखांचा करार केला. माल वापरलेला, पण दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, असं ठरलं. बरेचसे पैसे आधीच गेले. मद्रास बंदरात उतरल्या १५५ जीप, आणि त्यासुद्धा सैन्याने कामाच्या नाहीत म्हणून नाकारल्या. संसदेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली, आणि ३० सप्टेंबर १९५५ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी मेनन केंद्रात मंत्री! तेव्हा बाबांनो, “फुल रिस्टोर” या दोन शब्दांवर विश्वास ठेवून आगाऊ रक्कम देणारे तुम्ही पहिले नाही. तुमच्याआधी भारत सरकारने दिलेली आहे.

आमच्या भागात जीप आली ती मात्र शौक म्हणून नाही. आधी आली ती साहेबाची. पंचायत समितीच्या आवारात उभी असायची, आणि गावाच्या वाटेवर धुरळा उठला की पोरं ओरडत सुटायची, साहेब आला, साहेब आला. मग लिलावात निघालेल्या जुन्या गाड्या बागायतदारांनी घेतल्या. मग वडाप आलं. जुन्नर ते आपटाळे, चावंड, घाटघर, तीसेक किलोमीटरच्या त्या वाटेवर एसटी चुकली तर जीप हाच आधार. आत किती माणसं बसतात याला हिशोबच नव्हता. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लोंबकळत स्टिअरिंग फिरवायचा. टपावर हिरड्याची पोती, पोत्यांवर कोंबड्यांचं डालगं, डालग्याशेजारी लग्नाला निघालेले पाव्हणे. बाळंतीण दवाखान्यात गेली ती जीपमधून आणि बाळ घेऊन घरी आली तीही जीपमधूनच. त्या वेळी कुणी तिचा फोटो काढला नाही. उलट “खटारा” म्हणून नाकं मुरडली.

आणि मुख्य म्हणजे तिचं ते ‘ओरिजनल’ पेट्रोल इंजिन! ज्याच्यासाठी आज लोक देव पाण्यात घालून बसलेत, ते आमच्याच मेस्त्र्यांनी काढून कोपऱ्यात फेकलं होतं. पेट्रोल परवडेना, म्हणून जो तो डिझेल इंजिन बसवून घेऊ लागला. कंपनीनेही पुढे प्यूजोचं डिझेल आणलं. जुनं इंजिन किलोच्या भावाने भंगारात. आता त्याच मेस्त्र्यांची पोरं कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात तेच इंजिन हुडकत फिरतात. बापाने काढलं, लेकाने शोधलं, आणि दोघांनीही मजुरी घेतली! याला म्हणतात धंदा. यात मेस्त्र्याला नावं ठेवायला मला तरी जागा दिसत नाही.

रिस्टोर झालेली गाडी बघायला गेलात, तर आधी डोळे दिपतात. लष्करी हिरवा रंग, बोनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, बाजूला फावडं-कुऱ्हाड पट्ट्याने बांधलेली. (फावड्याने आयुष्यात माती उकरलेली नाही, हे पात्यावरून कळतं.) पण जाणकार माणूस खिशातून छोटं लोहचुंबक काढतो. पत्र्यावरून हळूहळू फिरवतो. बोनेटवर चिकटलं. पुढच्या मडगार्डवर चिकटलं. मागच्या कोपऱ्यावर आलं आणि टपकन खाली पडलं. तिथे पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली. बोटाने ठोकलं की आवाज बदलतो. मग पायाखालची मॅट उचलायची, फ्लोअरचा पत्रा बघायचा. मग चेसी नंबर कागदाशी ताडून बघायचा, अंक एका रांगेत आहेत की नवे ठोकलेत ते बघायचं. एवढं होईपर्यंत मालकाच्या कपाळावर घाम आला नाही, तर गाडी बरी आहे असं समजावं.

आता चालवण्याची मौज ऐका. युद्धातल्या मॉडेलला सहा व्होल्टची बॅटरी, त्यामुळे दिवे रस्ता दाखवण्यापेक्षा गाडी इथे आहे एवढंच सांगतात. आणि वायपर? हाताने फिरवायचा! आषाढात नाणेघाटाच्या पठारावर धुकं उतरलंय, पाच हातांपलीकडचं दिसत नाही, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने वायपर ढकलायचा, गिअर कुणी बदलायचा? शेजारच्याने! म्हणजे ही गाडी चालवायला दोन माणसं लागतात आणि दोघं भिजतात. याला म्हणतात अनुभव. त्याचे म्हणे पैसे आहेत.

तुम्ही म्हणाल, अमेरिकन बिनछपराची हौसच असेल तर ती लांबलचक शेवरले इम्पाला का नाही घेत, सिनेमातल्यासारखी? घेतात की! मुंबईत त्याही आहेत, आणि त्यांचंही महाराष्ट्राशी जुनं नातं. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला कारखाना काढून अमेरिकन गाड्या जोडल्या होत्या. आमच्याच जिल्ह्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या. पण साडेसतरा फुटांची ती इम्पाला घाटघरच्या वळणावर आणून दाखवा. नाक चावंडकडे आणि शेपूट जुन्नरकडे राहील. रस्ता बंद पडेल, एसटी थांबेल आणि कंडक्टर जे बोलेल ते या अंकात छापता येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर तिथेही गंमत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की चेसी, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे, मोठा फेरफार चालणार नाही. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही. झालं ना! ज्याने डिझेल इंजिन, रुंद टायर, भोंगे आणि निळे दिवे लावून हरियाणाच्या मंडी डबवालीहून सजवून आणली, तो या पंगतीतून उठला. वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्येच सांगून टाकलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रूपात फेरफार करायचा नाही. तरी लग्नसराईत बघा, नवरदेव कशात बसून येतो ते! आणि वरातीपुढे नाचणाऱ्यांत परिवहन खात्यातला पाहुणाही असतो.

शेवटचं लफडं सांगते आणि थांबते. विलिज जोडून मोठी झालेली महिंद्रा २०१८मध्ये थेट अमेरिकेत गेली आणि मिशिगनमध्ये ‘रॉक्सर’ नावाची, अगदी जुन्या जीपसारखी गाडी काढू लागली. रस्त्यावर नाही, शेतात-रानात चालवायची. जीप हे नाव तोवर फियाट क्रायस्लरच्या हाती गेलेलं. त्यांनी कज्जा केला, आमच्या गाडीचं रूप चोरलं म्हणून. २०२०मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि महिंद्राला रॉक्सरचं नाकडोळं बदलावं लागलं. आणि त्याच वेळी इकडे काय? त्याच जीप कंपनीची ‘रँग्लर’, जिची दारं आणि छप्पर उतरवता येतं ती, २०२१पासून आमच्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला जोडली जाऊ लागली, किंमत सुरू पन्नास लाखांच्या पुढे. महिंद्राची थार नाशिकला बनते, २०२०च्या थारलाही कापडी छपराचा प्रकार होताच. म्हणजे कोर्टात भांडायचं अमेरिकेत, आणि छप्पर काढायचं महाराष्ट्रात! महागणपतीच्या पंचक्रोशीत काय काय बघावं लागतंय.

आमच्याकडे कुणी विचारलं, घ्यावी का, तर माझं मत स्पष्ट आहे. पेट्रोल इंजिन मूळचं असेल, चुंबक कुठे पडत नसेल, कागद आणि चेसी एकमेकांना ओळखत असतील, तर जरूर घ्या. माझगावातून सुरू झालेला इतिहास भंगारात वितळण्यापेक्षा तुमच्या शेडमध्ये उभा राहिलेला बरा. यातलं एक जरी नसेल, तर त्या पैशात दोन बिघ्यांना पाइपलाइन करा, पीक तरी येईल. आगाऊ रक्कम मात्र कुणालाही देऊ नका.

आणि घेऊन घाटघरला आलातच, तर एवढं कराच: नाणेघाटाच्या तोंडाशी जो मोठा दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून जो ओळखला जातो, त्याला बंपर टेकवून फोटो काढू नका. पठारावरच्या गवतात चाकं घालू नका, ते गुरांचं आहे. गाडी गावातच लावा, पुढे चालत जा, आणि चहा आजीच्याच टपरीवर घ्या. किंमत विचारेल ती. खरी सांगा.